अकरांच्या पलीकडे : दुखापत, राखीव खेळाडू आणि फुटबॉलचा हंगाम

१/ ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचा अंतिम सामना. भारतासमोर दक्षिण कोरिया. याच संघाने स्पर्धेच्या आरंभी भारताला २-० असे हरवले होते. भारताचा मुख्य बचावपटू डोक्याला टाके असताना आघाडीच्या फळीत उभा आहे आणि गोलरक्षक नुकताच आजारातून उठला आहे. तरीही सुवर्णपदक भारताचे झाले. ते कसे, आणि त्यावरून एखाद्या संघाच्या हंगामाविषयी काय शिकता येते, याविषयी हा धागा.

२/ संघाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा गोल करणाऱ्यांची नावे लिहितो. विजयाची कारणे शोधताना डावपेच, प्रतिभा, जिद्द हे शब्द येतात. पण एक प्रश्न क्वचित विचारला जातो : त्या दिवशी कोण खेळू शकत नव्हते, आणि त्यांच्या जागी कोण उभे राहिले? फुटबॉलच्या दीडशे वर्षांतील कितीतरी निकाल या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहेत.

३/ आमच्या गुहागरच्या वाचकांना ही गोष्ट कबड्डीतून चटकन उमजेल. कबड्डीचे जुने तीन प्रकार : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होतो. गामिनीत मात्र सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेरच बसायचे. फुटबॉलचा जुना नियम गामिनीहूनही कठोर होता. जायबंदी खेळाडू बाहेर गेला की गेला. त्याच्या जागी कोणी येणार नाही. उरलेल्या दहांनी सामना संपवायचा.

४/ म्हणजे त्या काळी ‘राखीव खेळाडू’ ही सोय दोन सामन्यांच्या मध्ये उपयोगी होती, सामन्याच्या आत नव्हे. परिणाम असा की जखमी खेळाडू मैदान सोडतच नसे. लंगडत का होईना, तो एका कडेला उभा राही, कारण पाय ओढणारा अकरावा गडी हा नसलेल्या गड्यापेक्षा बरा. संघाची उणीव भरून काढण्याची किंमत त्याचे शरीर मोजत असे. पुढचा सगळा इतिहास या किमतीचाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

५/ याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष १९५६ची. इंग्लंडच्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावला आणि त्याच्या मानेला जबर मार लागला. बदली खेळाडूची सोय नव्हती. तो अखेरची सतरा मिनिटे तसाच खेळला आणि सिटीने बर्मिंगहॅमला ३-१ असे हरवले. मानेचे हाड मोडल्याचे निदान काही दिवसांनी झाले. या प्रसंगाची आजवर शौर्यकथा झाली. पण तो एका सदोष नियमाचा पुरावाही आहे.

६/ ट्राउटमन एकटा नव्हता. १९५०च्या दशकात वेम्बलीच्या अंतिम सामन्यांत एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेले. १९५२मध्ये आर्सेनलचा वॉली बार्न्स, १९५५मध्ये मँचेस्टर सिटीचा जिमी मेडोज, १९५७मध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड. हे तिन्ही संघ ते सामने हरले. लोक याला वेम्बलीचा शाप म्हणू लागले. शाप कसला? अकरांविरुद्ध दहा हे साधे अंकगणित होते.

७/ अखेर १९६५-६६च्या हंगामात इंग्लिश फुटबॉल लीगने प्रत्येक संघाला एक बदली खेळाडू मान्य केला, तोही केवळ दुखापत झाल्यास. २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्ल्टनचा गोलरक्षक जखमी झाला आणि कीथ पीकॉक मैदानात उतरला. त्या लीगमधील हा पहिला बदली खेळाडू. पुढे ‘दुखापत असेल तरच’ ही अट गेली. विश्वचषकात ही सोय १९७०मध्ये आली, आणि तेव्हा प्रत्येक संघाला दोन बदल मिळाले.

८/ दोन बदल पुरेसे होते का? त्याच १९७०च्या विश्वचषकात, १७ जूनच्या उपांत्य सामन्यात, पश्चिम जर्मनीच्या फ्रांझ बेकेनबावरचा खांदा निखळला. संघाचे दोन्ही बदल आधीच वापरून झाले होते. तो हात छातीशी बांधून अतिरिक्त वेळेत खेळला आणि इटलीने सामना ४-३ असा जिंकला. बदल्यांची संख्या पुढे तीन झाली. मे २०२०मध्ये करोनाकाळातील दाट वेळापत्रकामुळे ती तात्पुरती पाच झाली आणि २०२२मध्ये कायमची. एकेका आकड्यामागे कोणाचे तरी मोडलेले शरीर उभे आहे.

९/ आता पुन्हा १९६२कडे वळू. त्या वर्षी जूनमध्ये चिलीतील विश्वचषकात ब्राझीलचा पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि उरलेल्या स्पर्धेला मुकला. जगातील सर्वोत्तम खेळाडू गेला, तर संघ कोसळायला हवा होता. पण त्याच्या जागी आलेल्या अमारिल्दोने स्पेनविरुद्ध दोन्ही गोल केले, आणि ब्राझीलने विश्वचषक राखला. पेलेचा पर्याय कोणीच नव्हता; पेलेच्या जागेला मात्र पर्याय होता. संघाची खोली म्हणतात ती हीच.

१०/ अडीच महिन्यांनी जकार्ता. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. मग थायलंडवर ४-१ असा विजय; पण त्याच सामन्यात बचावफळीचा कणा असलेले जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली, टाके घालावे लागले. पुढे जपान, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना. काही दिवसांच्या आत एवढे सामने, आणि कणाच जखमी.

११/ जपानविरुद्धचा सामना भारताने जर्नेलसिंग यांच्याविना २-० असा जिंकला. बचावाच्या मध्यभागाचा भार अरुण घोष यांनी उचलला. मग रहीम यांनी जो निर्णय घेतला तो अभ्यासण्यासारखा आहे. जर्नेलसिंग परतले, पण बचावात नव्हे. त्यांना थेट आघाडीवर खेळवले गेले. तरुणपणी ते त्या जागी खेळलेले होते. घोष यांनी बसवलेली बचावाची घडी न मोडता एक धिप्पाड, धाडसी गडी पुढे वापरता आला.

१२/ उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय. दोन गोल चुनी गोस्वामी यांचे, एक जर्नेलसिंग यांचा. त्या सामन्यात गोलरक्षक होते प्रद्युत बर्मन. अंतिम सामन्यासाठी आजारातून उठलेले पीटर थंगराज गोलखांबांमध्ये आले. पी. के. बॅनर्जी यांनी सतराव्या मिनिटाला आणि जर्नेलसिंग यांनी विसाव्या मिनिटाला गोल केला. कोरियाचा एकमेव गोल अखेरीस झाला. भारत २, दक्षिण कोरिया १.

१३/ हे सारे कोणत्या वातावरणात घडले? यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता आणि भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. जकार्तात भारताविरुद्ध निदर्शने झाली. अंतिम सामन्याचा प्रेक्षकवर्ग बहुतांशी भारताच्या विरोधात होता. म्हणजे प्रशिक्षकाला जखमा, आजार आणि रोष या तिन्हींचा हिशेब करून अकरा नावे लिहायची होती. १९६३च्या जूनमध्ये रहीम यांचे कर्करोगाने निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

१४/ या संघात आपल्या भागाचाही एक माणूस होता : फोर्तुनातो फ्रँको. जन्म १९३७, गोव्यातील बार्देश तालुक्यातील कोलवाळ, वाढले मुंबईत. फुटबॉल खेळले टाटांच्या संघाकडून. १९६०च्या रोम ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, पण भारताच्या तिन्ही सामन्यांत त्यांना मैदानात उतरायची संधी मिळाली नाही. भारताने फ्रान्सला १-१ असे रोखले तेव्हाही ते बाहेरच होते.

१५/ दोन वर्षांनी जकार्तात हेच फ्रँको अंतिम सामन्याच्या मधल्या फळीत होते. १९६०चा राखीव गडी १९६२चा आधारस्तंभ झाला. राखीव फळीकडे आपण ‘जे कमी पडले ते’ या नजरेने पाहतो. इतिहास मात्र सांगतो की ती दोन वर्षे पुढे चाललेली मुख्य फळी असते. आणि शोकांतिका अशी, की पुढे गुडघ्याच्या दुखापतीनेच फ्रँको यांची कारकीर्द अकाली संपली. १० मे २०२१ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.

१६/ आता एक महत्त्वाचा प्रश्न : राखीव खेळाडू पोसतो कोण? ज्याला खेळायला मिळत नाही, त्याचे घर कसे चालते? मुंबईत या प्रश्नाचे उत्तर होते संस्थांचे संघ. टाटा, मफतलाल, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी असे. त्यामुळे बाकावर बसूनही पगार चालू राही आणि पाय मोडला तरी चूल विझत नसे. गोव्यात धेंपो, साळगावकर यांसारख्या खाण उद्योगातील घराण्यांनी संघ उभारले. संघाची खोली ही अशी मैदानाबाहेर, कार्यालयाच्या हजेरीपटावर तयार होत होती.

१७/ ही व्यवस्था हळूहळू मोडत गेली. १८९१पासून मुंबईत भरणारा रोव्हर्स कप या शतकाच्या आरंभी थांबला. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडले. मोठे व्यावसायिक क्लब आले, पैसा आला, वैद्यकीय सोयी सुधारल्या. हे मान्य करायलाच हवे. पण मधल्या फळीतील शेकडो खेळाडूंना दुखापतीच्या काळात सांभाळणारा आधार गेला, हेही तितकेच खरे.

१८/ हंगामाच्या मध्यावर मोहरा गमावणे म्हणजे काय, हे धेंपोने सर्वांत क्रूर रीतीने अनुभवले. ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन कपचा अंतिम सामना. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन आघाडीपटूने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला, तो उठलाच नाही. वय २५. संघ जिंकला, खेळाडू गेला. मैदानावरील वैद्यकीय तयारीविषयी देशभर प्रश्न विचारले गेले.

१९/ अशा आघातानंतर हंगाम सोडून दिला असता तरी कोणी दोष दिला नसता. पण आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००४-०५ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. आघाडीवर नायजेरियाचा रँती मार्टिन्स होता. पुढील काही वर्षे तो या क्लबचा आधार ठरला. क्रिस्तियानोचा दहा क्रमांकाचा पोशाख क्लबने निवृत्त केला. खोली असलेला संघ स्पर्धेत तग धरू शकतो. मात्र माणसाची जागा भरता येत नाही, याची कबुलीच त्या रिकाम्या क्रमांकात आहे.

२०/ आता १३ मार्च २०२१, फातोर्डा. करोनामुळे इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर खेळवला गेला होता. अंतिम सामन्यात मुंबई सिटीचा तरुण बचावपटू अमेय रानवडे याच्या डोक्याला टक्कर बसली. त्याला रुग्णवाहिकेतून तातडीने रुग्णालयात नेले, आणि राखीव खेळाडू त्याच्या जागी उतरला. सामन्याच्या नव्वदाव्या मिनिटाला बिपिनसिंगने गोल केला. मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. रानवडे बरा होऊन पुन्हा खेळू लागला.

२१/ १९५६, २००४ आणि २०२१ ही तीन वर्षे शेजारी ठेवून पाहा. ट्राउटमनला मैदान सोडता आले नाही, कारण मागे कोणी नव्हते. क्रिस्तियानोला वाचवता आले नाही. रानवडेला मात्र क्षणात बाहेर नेता आले आणि संघाचेही नुकसान झाले नाही. राखीव फळीचे खरे मोल इथे आहे : ती जखमी माणसाला ‘थांब’ म्हणण्याची मुभा देते. ती मुभा नसेल तिथे प्रशिक्षक निर्दय नसला तरी परिस्थिती निर्दय असते.

२२/ हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पुढाकाराने २००१पासून मोठ्या क्लबांतील दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रांड हे त्या कामाचे प्रमुख. त्यातून दिसले की पंचवीस जणांच्या संघाने एका हंगामात सुमारे पन्नास दुखापती गृहीत धरायला हव्यात. म्हणजे सरासरी माणशी दोन. जवळपास तिसरा हिस्सा स्नायूंच्या दुखापतींचा. सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यात त्यांचे प्रमाण कितीतरी पट अधिक.

२३/ याच नोंदींतील नऊ देशांच्या चोवीस क्लबांचा अकरा हंगामांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हंगामात एखाद्या संघाचा दुखापतींचा भार कमी, त्या हंगामात त्याचे लीगमधील स्थान वर, असा संबंध त्यात आढळला. लिव्हरपूलचे उदाहरण ताजे आहे : २०१९-२०मध्ये ९९ गुणांसह विजेते. १७ ऑक्टोबर २०२० रोजी व्हर्जिल व्हान डाइक जायबंदी झाला, पाठोपाठ गोमेझ आणि मातिप. मध्यवर्ती बचावच उरला नाही. हंगामाअखेर ६९ गुण आणि तिसरे स्थान.

२४/ मग उलट उदाहरणांचे काय? १९८०-८१मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने ४२ सामन्यांचा हंगाम अवघे चौदा खेळाडू वापरून जिंकला. यावरून ‘मोठा संघ लागतच नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध असावे. त्या हंगामात व्हिलाचे सात खेळाडू एकही सामना चुकले नाहीत. असे भाग्य ज्यांना लाभले नाही ते संघ आपल्या स्मरणात नाहीत. विजेत्यांचीच दप्तरे जपली जातात. अपवादाला नियम मानणे ही चूक आपण लढायांच्या इतिहासातही करतो.

२५/ दुसरी सावधगिरी : खोली म्हणजे नुसती संख्या नव्हे. बाकावर दहा जण बसवले, पण कोणीच जखमी गड्याचे काम करू शकत नसेल, तर ती गर्दी झाली. रहीम यांच्याकडे अमाप खेळाडू नव्हते. पण कोण कोणत्या जागी पूर्वी खेळला आहे, हे त्यांना ठाऊक होते. बचावपटू आघाडीवर, त्याच्या जागी दुसरा तयार, गोलरक्षक दोन्ही विश्वासाचे. खोलीचा एक भाग पैशाने येतो. दुसरा माणसे ओळखल्याने येतो, आणि तो गरीब संघालाही परवडतो.

२६/ उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला जयगडची खाडी, यांच्यामधला आमचा गुहागर तालुका. इथल्या गावांच्या संघांची खोली ऋतूंवर चालते. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात चाकरमानी आले की एका गावाचे दोन संघ होतात. ते मुंबईला परतले की सात गडी जमवतानाही धावपळ. मग जांभ्या दगडाच्या कठीण जमिनीवर घोटा मुरगळलेला गडी पट्टी बांधून पुन्हा उतरतो. टाळ्या मिळतात. पण ज्याला उद्या होडीवर, बागेत किंवा कामावर जायचे आहे, त्याच्या घोट्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

२७/ म्हणून या इतिहासाचा आजच्या तरुण मंडळांना उपयोग आहे. स्पर्धा भरवताना बक्षिसाची रक्कम ठरते, ट्रॉफीची उंची ठरते. त्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील : प्रथमोपचाराची पेटी आणि तयार वाहन, डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत न उतरवण्याचा दंडक, आणि राखीव गड्यांना प्रत्यक्ष खेळायला मिळेल असे सामने. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

२८/ आणखी एक काम आपले, इतिहासाच्या वाचकांचे. मुंबई, गोवा, कोकणातील जुन्या संघांची छायाचित्रे, गुणपत्रके, हजेरीपट अनेक घरांत पडून आहेत. त्यांत विजेत्या संघाची नावे असतात. क्वचित एका कोपऱ्यात ‘राखीव’ म्हणून दोन-तीन नावे असतात. ती नावे उतरवून घ्या. तो माणूस कोणाच्या जागी उतरला, कोणाची दुखापत कधी झाली, त्यानंतर तो काय करत होता, हे विचारा. हे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे.

२९/ सारांश असा. हंगाम अकरा जण जिंकत नाहीत. तो त्या अकरांपैकी कोणी पडल्यावर जे उभे राहतात त्यांच्या बळावर जिंकला जातो. आणि राखीव फळी ही केवळ विजयाची युक्ती नाही. एका माणसाच्या शरीराने सगळ्या संघाचा भार वाहू नये, यासाठी समाजाने फार उशिरा केलेली ती सोय आहे. पुढच्या वेळी संघाची यादी वाचाल तेव्हा रेघेखालची नावेही वाचा. १९६०मध्ये फोर्तुनातो फ्रँको हे नाव त्या रेघेखालीच होते.